चिंगी का वाळली?



आज आम्ही बोलणार आहोत एका कुत्रीविषयी. हसू नका. माणसांच्या इतक्या अडचणी पडल्या असताना हे कुत्रीचे काय पुराण घेऊन बसले, असे कुणाच्या मनात येईल. पण शेवटपर्यंत ऐका. ही गोष्ट कुत्रीची आहे, तशी ती आपल्या डोळ्यांचीही आहे. रोज समोर दिसणारी वस्तू आपल्याला दिसत नाही, ती कशी दिसावी, त्याची ही गोष्ट आहे.

आम्ही जनावरांचे डॉक्टर नाही. आम्ही जयगडच्या खाडीकाठचे. घरचा धंदा मासळीचा. थोरला भाऊ होडीवर जातो, त्याला आम्ही दादा म्हणतो. वहिनी धक्क्यावर मासळी विकतात. आम्ही हिशेब बघतो. अशा घरात चिंगी नावाची कुत्री होती. २००६ सालच्या पावसाळ्यात ती एवढीशी असताना जाळ्यांच्या ढिगात येऊन झोपली, ती मग आमचीच झाली. रंग तांबूस, कान एक उभा, एक पडलेला. रात्री जाळी राखायची, पहाटे दादाला धक्क्यापर्यंत पोचवायची आणि होडी परत आली की सर्वांच्या आधी तिला कळायचे.

गोष्ट सुरू होते २०१६ सालच्या दिवाळीनंतर. चिंगी तेव्हा दहा वर्षांची. कुत्र्याला दहा वर्षे म्हणजे म्हातारपणच. ती थोडी थोडी वाळू लागली. पण रोज बघणाऱ्याला ते कसे कळावे? चंद्र रोज कलेकलेने उतरतो, पण कालच्यापेक्षा आज किती उतरला हे कोण सांगेल? अमावास्या आली की मगच आपण म्हणतो, अरे, चंद्र गेला कुठे?

मुंबईहून आमची पुतणी आली, तिने पाहिले. म्हणाली, "काका, चिंगीच्या बरगड्या मोजता येतात की! तिला खायला घालत नाही का?"

दादाला राग आला. "मासळीवाल्याच्या घरात कुत्री उपाशी मरते होय? दोन माणसांचं खाते ती. म्हातारी झाली, वाळायचीच."

यात गंमत अशी की दादा बोलला ते खरे होते. चिंगी खरोखरच पहिल्यापेक्षा जास्त खात होती. भात, बांगड्याची डोकी, काय पडेल ते. आणि तरी वाळत होती. खाऊन वाळणे, हेच मुळी उलटे. पण आम्ही त्या उलटेपणाकडे पाहिलेच नाही. "म्हातारी झाली" हा एक शब्द मिळाला आणि आमचे समाधान झाले. मंडळी, एक ध्यानात ठेवा. म्हातारपण हा रोग नाही. म्हातारपणी केस पांढरे होतात, चाल मंदावते, झोप वाढते. पण चांगले खाऊनपिऊन अंग झिजत असेल, तर त्याला दुसरे काहीतरी कारण आहे. ते शोधायचे असते.

आम्ही शोधले नाही. शेजारी मात्र पुष्कळ धावून आले. कुणी म्हणाले दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून टाका. वहिनींनी तेही केले. कुणी म्हणाले जंत झाले. कुणी म्हणाले, अंग दुखत असेल, माणसाची दुखण्याची गोळी द्या. नशीब आमचे, ती गोळी आम्ही दिली नाही. माणसाला चालणाऱ्या कितीतरी दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात जखमा करतात आणि मूत्रपिंडे बिघडवतात, हे आम्हांला पुढे कळले.

असे चार महिने गेले.

मग वहिनींच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. वहिनींचे शाळेत जाणे लहानपणी झाले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या लिहावाचायला शिकल्या. अक्षर मोठे, ओळ थोडी तिरकी, पण स्वच्छ. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हिच्या पाण्याच्या कुंड्यात मी सकाळी पाणी घालते, ते दुपारला खडखडीत. पूर्वी असं नव्हतं. आणि कधी घरात न घाण करणारी ही, आता रात्री ओटीवरच लघवी करते. सकाळी बघावं तर तिथे मुंग्यांची रांग."

मुंग्यांची रांग! आता हे ऐकल्यावर आम्ही जागे व्हायला हवे होते. कारण मधुमेह हा शब्दच काय सांगतो? मध म्हणजे गोड. मेह म्हणजे लघवी. लघवीला मुंग्या लागणे ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वीच लिहून ठेवली आहे. पण कुत्रीला मधुमेह? असे काही असते हेच आमच्या गावी नव्हते.

वहिनी म्हणाल्या, "आधी वजन तरी करू."

धक्क्यावर मासळीचा काटा आहे. पण चिंगी काट्यावर कशी उभी राहणार? तेव्हा युक्ती केली. आधी दादा एकटा काट्यावर उभा राहिला. भरला ६२ किलो. मग चिंगीला उचलून घेऊन उभा राहिला. भरला ७६. म्हणजे चिंगी १४ किलो. ही युक्ती तुम्हीही करा. कुत्रा असो, कोकरू असो, वजाबाकी आली म्हणजे झाले.

पण १४ किलो हे जास्त की कमी? आधीचा आकडा असेल तरच सांगता येईल ना? आणि तो सापडला! तीन वर्षांपूर्वी पोरांनी थट्टेने चिंगीला अशीच काट्यावर चढवली होती आणि मासळीच्या हिशेबाच्या वहीत आम्हीच लिहून ठेवले होते, "बांगडा दोन टोपल्या, सुरमई सात नग, चिंगी साडेअठरा किलो." थट्टेत लिहिलेली ती ओळ आता उपयोगी पडली. साडेअठराचे चौदा. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा कुत्री नाहीशी झाली होती, आणि आम्ही ती डोळ्यांनी बघत होतो!

जाणते सांगतात, कुत्र्याचे वजन आपण काही न करता दहावा हिस्सा घटले, की डॉक्टरांकडे जावे. म्हणजे वीस किलोचा कुत्रा अठरावर आला की पुरे. आम्ही त्या रेघेच्या किती पुढे गेलो होतो बघा.

त्याच दिवशी वहिनींनी दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर लिहिले, "चिंगी". खाली चार रकाने आखले. तारीख, वजन, पाणी, खाणे. पाणी मोजायला घरातली लिटरची बाटली घेतली. तीन दिवस मोजले. रोज अडीच लिटर भरले. कुत्र्याने दर किलो वजनामागे दिवसाला शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे हे बरे लक्षण नव्हे. चौदा किलोला सुमारे दीड लिटर झाले की पुष्कळ. चिंगीचे अडीच!

मग रत्नागिरीला जायचे ठरले. आमच्याकडून रत्नागिरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मासळीच्या टेम्पोत चिंगीला मांडीवर घेऊन वहिनी बसल्या, बाजूला आम्ही, आणि मागे बर्फातला बांगडा. खंडाळा गेले, चाफे गेले. वाटेत दोनदा पाणी पाजावे लागले.

डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय?"

आम्ही आपले सांगू लागलो, बरेच दिवस झाले, हल्ली बरी नसते, जरा वाळलीय. डॉक्टर ऐकत होते. मग वहिनींनी पदराआडून वही काढली आणि पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मान वर करून म्हणाले, "बाई, अर्धं काम तुम्हीच केलंत."

वहिनींचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

डॉक्टरांनी मग आम्हांला समजावून सांगितले. वाळणाऱ्या जनावराबद्दल चार प्रश्न विचारावेत. ते चार प्रश्न आज तुम्हीही घरी घेऊन जा.

पहिला प्रश्न. अन्न तोंडात जाते का? दात किडले, हिरड्या सुजल्या, तोंडात गाठ आली की कुत्रे खायला धावते पण चावता येत नाही म्हणून सोडून देते. कधी दुसरा दांडगा कुत्रा त्याच्या वाट्याचे खाऊन जातो आणि आपण म्हणतो, ताटली तर रिकामी आहे!

दुसरा प्रश्न. गेलेले अन्न अंगी लागते का? वरचेवर जुलाब होत असतील, विष्ठा पातळ, तेलकट, फार घाण वासाची असेल, तर आतड्यात किंवा पचनात बिघाड आहे.

तिसरा प्रश्न. आत दुसरे कुणी खाते आहे का? जंत आतड्यात बसून रक्त पितात. गोचीड बाहेरून रक्त पितात आणि वर ताप देऊन जातात. त्या तापात हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. आपल्या दमट कोकणात गोचिडांना काय तोटा? पोटातली एखादी वाढती गाठही अशीच आयते बसून खाते.

चौथा प्रश्न. अंगी लागण्याआधीच वाहून जाते का? मूत्रपिंडे थकली की जनावर पाणी फार पिते, लघवी फार करते, पण त्याची भूक मरते. मधुमेहातही पाणी फार, लघवी फार. पण तिथे भूक वाढते. तहान वाढली, लघवी वाढली, भूक वाढली आणि वजन मात्र घटले, या चार गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय मधुमेहाचा येतो.

पण नुसत्या संशयावर औषध देत नाहीत. मुंग्या लागल्या म्हणजे मधुमेहच, असे आपणही धरून बसू नये. डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवून पाहिली. रक्त तपासले. कुत्र्याच्या रक्तातली साखर माणसाप्रमाणेच शंभराच्या आसपास असते. चिंगीची साडेचारशेच्या वर निघाली.

आम्ही विचारले, "डॉक्टर, ही तर साखर खात नाही. मग साखर आली कुठून?"

डॉक्टर जयगडला येऊन गेलेले होते. ते म्हणाले, "तुमच्या धक्क्यावरून तवसाळला फेरीबोट जाते ना? समजा एक दिवस बोट बंद पडली. इकडे धक्क्यावर माणसांची हीऽ गर्दी आणि पलीकडे तवसाळला कुणी नाही. तसं हे आहे. भात खा, मासळी खा, पोटात त्यातून साखर होतेच. ती रक्तात येते. तिथून ती स्नायूंत न्यायला जी बोट लागते, तिला इन्शुलिन म्हणतात. जठराजवळ स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो ती तयार करतो. चिंगीच्या स्वादुपिंडाचं काम बंद पडलंय. म्हणून रक्तात गर्दी आणि अंगात उपास. गर्दी फार झाली की साखर लघवीतून सांडते. सांडताना पाणी घेऊन जाते, म्हणून तहान. अंग उपाशी, म्हणून ते स्वतःचीच चरबी आणि मांस जाळतं."

बघा, एका बोटीत सारा रोग समजला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हा रोग कुत्र्यांपेक्षा कुत्र्यांच्या माद्यांत अधिक दिसतो. मादी माजावर येऊन गेली की पुढचे दोनेक महिने तिच्या अंगात असा रस असतो की इन्शुलिनचे काम अडते. चिंगीचे तसेच झाले होते. म्हणून साखर थोडी ताळ्यावर आली की तिची पिशवी काढून टाकायची, असे ठरले. ती शस्त्रक्रिया २०१७ च्या एप्रिलात झाली.

डॉक्टरांनी आम्हांला या रोगाचा इतिहासही सांगितला. तो ऐकून आमची मान खाली गेली. १८८९ साली जर्मनीच्या ताब्यातल्या स्ट्रासबुर्ग शहरात मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा डॉक्टरांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून पाहिले. तो कुत्रा सारखी लघवी करू लागला आणि खाऊनही वाळू लागला. लघवीत साखर निघाली. तोपर्यंत मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे कुणाला पक्के ठाऊक नव्हते. ते एका वाळणाऱ्या कुत्र्याने दाखवले. पुढे १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट यांनी पुन्हा कुत्र्यांवरच प्रयोग केले आणि इन्शुलिन हाती लागले. १९२२ च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मरणपंथाला लागलेल्या मुलाला दिले आणि तो वाचला. आज आपल्या गावातले कितीतरी लोक पोटाला सुई टोचून घेतात आणि सुखाने जगतात. ते औषध माणसाला कुत्र्यांच्या जिवावर मिळाले. कितीतरी कुत्री त्यात मेली.

तर उपाय एकच. सकाळ-संध्याकाळ जेवण, आणि जेवणाबरोबर इन्शुलिनची सुई. माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या कुत्र्याला सहसा उपयोगी पडत नाहीत. कारण या गोळ्या बहुतेक अशा, की शरीरात इन्शुलिन थोडेफार असेल तरच चालतात. कुत्र्याचे ते बहुधा संपलेलेच असते.

घरी आलो. आता घरात वाद.

दादा म्हणाला, "गावात माणसांना औषध परवडत नाही. आणि आपण म्हाताऱ्या कुत्रीला रोज दोन सुया टोचायच्या? लोक हसतील. तिचे दिवस भरलेत. सुखानं जाऊ दे तिला."

मंडळी, दादा दुष्ट नव्हता. त्याचा प्रश्न खरा होता आणि आम्हांला त्याचे उत्तर पटकन सुचले नाही. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "सुखानं जाईल असं कोण म्हणतं? ती तहानेनं नि भुकेनं जाईल. भरल्या ताटावर उपाशी मरेल. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले, ते कीर्तन तुम्ही मान डोलवत ऐकता. आणि आपल्या दारात दहा वर्षं जाळी राखली तिनं. महिनाभर करून बघू. नाहीच साधलं तर तुम्ही म्हणाल तसं."

दादा काही बोलला नाही. आमच्याकडे न बोलणे म्हणजे होकार.

आता खर्चाचे सांगतो, कारण तुम्ही ते विचारणारच. इन्शुलिनची बाटली महाग नव्हती, एक बाटली महिनाभर पुरे. सुया आणि रत्नागिरीच्या फेऱ्या यांचाच खर्च जास्त. घरात चहा-बिडी थोडी कमी झाली. दादाची बिडी कमी झाली हे त्याच्याही अंगी लागले.

पण पहिल्या महिन्यात आमच्या हातून चुका होता होता राहिल्या. त्या सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली चूक बर्फाची. इन्शुलिन थंड ठेवा, असे सांगितले होते. दादाने बाटली नेली आणि मासळीच्या पेटीत बर्फात खुपसली! इन्शुलिन थंड हवे, पण गोठता कामा नये. गोठले की ते मेले. ती बाटली फेकावी लागली. पुढे शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात ठेवू लागलो. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा ओल्या मडक्यात वाटी आणि वाटीत बाटली. आणखी एक, ढगाळ दिसणारी बाटली घुसळायची नाही. दोन तळहातांत धरून हळूहळू फिरवायची.

दुसरी गोष्ट सुईची. एकदा आम्ही दुकानातून सुया आणल्या. वहिनी सुई भरायला बसल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "भाऊजी, हिचं टोपण नारिंगी कसं? आपलं लाल असतं." मग त्यांनी बाटली उचलली, चष्मा लावला आणि इंग्रजी आकडा वाचला, ४०. सुईवरचा वाचला, १००. "आकडे जुळत नाहीत," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे इन्शुलिन दोन बळांचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये चाळीस एकक असलेले आणि शंभर एकक असलेले. दोन्हींच्या सुया वेगळ्या. चाळीसच्या बाटलीला शंभरची सुई लावली तर औषध निम्म्याहूनही कमी जाते. उलट शंभरच्या बाटलीला चाळीसची सुई लावली तर अडीचपट जाते आणि जीवच जायचा. हे कुत्र्याचेच नव्हे, माणसाचेही तसेच. ज्यांच्या घरी कुणी सुई घेते, त्यांनी आज घरी गेल्यावर बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा जुळवून बघा. आम्ही इतकी वर्षे हिशेब लिहिणारे, पण आमचे तिकडे लक्ष गेले नाही. गेले ते वहिनींचे.

तिसरी गोष्ट त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली. जून-जुलैत मासेमारी बंद असते. दादा घरीच. हळूहळू चिंगीला सुई देण्याचे काम कधी त्याने आपल्याकडे घेतले, ते त्यालाही कळले नाही. एका सकाळी वहिनी सुई भरून चिंगीजवळ गेल्या. सवयीने आधी वही उघडली. बघतात तो त्या तारखेपुढे पेन्सिलीने एक उभी रेघ. दादाला लिहिता येत नव्हते. पण सकाळची सुई देऊन, भात घालून, त्याने रेघ मारून ठेवली होती आणि तो होडीची डागडुजी करायला गेला होता. ती रेघ नसती तर चिंगीला दोनदा सुई बसली असती.

दोनदा बसली तर काय होते? रक्तातली साखर एकदम उतरते. जनावर लटपटते, थरथरते, भिंतीला धडकते, आचके देते, बेशुद्ध पडते. न जेवता सुई दिली तरी तसेच होते. तेव्हा आधी ताट, मग सुई, हा नियम. आणि तसे झालेच तर वेळ न दवडता गुळाचे घट्ट पाणी किंवा मध हिरड्यांना चोळायचा, घशात ओतायचा नाही, आणि डॉक्टरांकडे धावायचे.

गावानेही साथ दिली, हे सांगितले पाहिजे. किल्ला बघायला येणारे पाहुणे कुत्र्यांना बिस्किटे टाकतात. चहावाला टाकतो. पोरे टाकतात. चिंगीला ते आता विष होते. वहिनींनी पोरांना बोलावून सांगितले, "हिला गोड द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर मला विचारून काटा काढलेली मासळी द्या." पोरांनी ते असे मनावर घेतले की एका पाहुण्याच्या हातातले बिस्किट त्यांनीच खाऊन टाकले!

महिन्याअखेर दादा पुन्हा काट्यावर उभा राहिला. चिंगी १४ किलो ८०० ग्रॅम. तीन महिन्यांनी १६. दिवाळीला १७. साडेअठरावर ती पुन्हा गेली नाही. पण बरगड्या बुजल्या, पाणी उतरले, ओटीवरच्या मुंग्या गेल्या.

सगळेच चांगले झाले असे मात्र नाही. मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर होतो. चिंगीचे डोळे वर्षाच्या आत पांढरे झाले. तिला दिसेनासे झाले. चार महिने आधी गेलो असतो तर डोळे आणखी काही दिवस टिकले असते का, हा विचार आमच्या मनातून जात नाही. पण धक्क्याची वाट तिला नाकाने पाठ होती. दादाची होडी आली की ती वासाने उठायची आणि भिंतीच्या कडेकडेने चालत जायची. कुणी तिच्या वाटेत टोपली ठेवत नसे.

अशी ती आणखी दोन वर्षे जगली. २०१९ च्या फेब्रुवारीत, एका पहाटे, जाळ्यांच्या ढिगावर झोपेतच गेली. तेरा वर्षांची होती. खाडीच्या वर, दीपगृहाचा झोत फिरतो तिथल्या उतारावर दादाने स्वतः खड्डा खणला. तेव्हा कुणी हसले नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. महाराजांना जे करावेसे वाटले, ते गरिबाला का वाटू नये?

आता शेवटच्या चार गोष्टी सांगतो.

महिन्यातून एकदा जनावराचे वजन करा आणि लिहून ठेवा. काटा नसेल तर हाताने बरगड्या चाचपा. बोटांना बरगड्या लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत.

म्हातारे कुत्रे वाळू लागले तर ते किती खाते, किती पाणी पिते, लघवी-शौच कसे आहे, हे तीन दिवस लिहा आणि तो कागद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मुक्या जिवाचे गाऱ्हाणे तो कागदच सांगतो. सरकारी पशुवैद्यकीय सेवेसाठी फोनवर १९६२ हा आकडा आहे. अवघड दुखणे असेल आणि मुंबईत कुणी आप्त असेल, तर परळला जनावरांचे मोठे, जुने रुग्णालय आहे, आणि तिथे १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालयही आहे.

माणसाच्या गोळ्या जनावराला आपल्या मनाने देऊ नका.

आणि जपून वागा. कुत्रे खाणे सोडून लाळ गाळू लागले, त्याचा स्वभाव एकाएकी बदलला, तर त्याच्या तोंडात हात घालून दात बघायला जाऊ नका. ते पिसाळलेले असू शकते. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

वहिनींची ती वही आमच्या घरी अजून आहे. तिच्यातली शेवटची पाने बघितली तर एक नवल दिसते. सुरुवातीला सगळीकडे वहिनींचे तिरके अक्षर. मध्येच दादाच्या उभ्या रेघा. मग एका पानावर रेघेऐवजी "दि". पुढे "दिली". आणि शेवटच्या महिन्यात, मोठ्या वाकड्या अक्षरांत, "सुई दिली. जेवली. दादा."

चिंगीसाठी दादा पन्नाशीत लिहायला शिकला. आज दादाकडे दुसरा कुत्रा आहे, चिंगीसारखाच एक कान पडलेला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दादा त्याला उचलून काट्यावर उभा राहतो आणि वजाबाकी आता स्वतःच करतो.

बरे तर मंडळी, उशीर झाला. घरी गेल्यावर दारातल्या जनावराकडे एकदा नीट बघा. राम राम.